राख न लावल्याची तक्रार

बुधवार, ५ मार्च

आज संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, चर्चमध्ये, उजवीकडच्या रांगेत, नव्या फादरांनी मला राख लावली नाही.

वेळ वेदीशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळातली. मी टेलिफोन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी वाचल्या. तारीख, वेळ, जागा आणि काय घडलं, एवढं नसेल तर ती तक्रार नव्हे, रडगाणं. म्हणून आधी तेवढं लिहून घेतलं. आता रागवायला मोकळी.

घडलं ते असं. माझ्यापुढे बेकरीवाला, मागे शिंपीणबाई. फादरांनी बेकरीवाल्याच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढला, तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, हे विसरू नकोस, असं म्हणाले. तो सरकला. मी पुढे झाले. शाळेत मदरने शिकवलं होतं तशी हनुवटी वर, डोळे मिटलेले, हात जोडलेले. थांबले. काही नाही. डोळे उघडले तर फादर माझ्या कपाळाकडे टक लावून बघताहेत. मग चक्क हसले. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, वेदीसमोर! माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “दमलात ना, आजी? जा शांतीने.” आणि अंगठा गेला शिंपीणबाईच्या कपाळाकडे.

मी माती नाही का? अख्खी रांग माती, आणि मी एकटी संगमरवर?

त्यातून ती राख कोणाची? माझी. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या लोक वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि उपवासकाळ लागायच्या आधी परत आणून देतात. त्या जाळून या दिवसाची राख होते. हे काम आमच्या घरचं, म्हणजे यांचं. हे सुतारकाम शिकवायचे, हाताला स्वच्छ. लोखंडी कढईत झावळ्या जाळायच्या, निवू द्यायच्या, खलायच्या, जुन्या रुमालातून गाळायच्या. मला जवळ फिरकू देत नसत. “अगं, तू बोललीस तरी उडेल ती,” म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. एक ‘अगं’ तेवढं शाबूत राहिलं. भूक लागली की अगं, उशी सरकली की अगं, माझं चुकलं की जरा लांब अगं. तेव्हा फादर म्हणाले, “यंदा तयार राख मागवू, पाकिटात मिळते.” म्हटलं, “मागवा. पुढल्या वर्षी तयार पश्चात्तापही मागवा. यांच्या घरात मी अजून हिंडतीफिरती आहे.”

तर आज दुपारी मागच्या अंगणात कढई मांडली. हे चाकाच्या खुर्चीत, दाराशी, देखरेखीला. धूर असा की डोळ्यांपुढचं दिसेना. घाम पुसत जाळल्या, घाम पुसत खलल्या, गाळल्या. कंबर मोडली. चांगली राख डब्यात भरली, उरलेली जाडीभरडी रुमालासकट कढईत टाकून दिली. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, कपडे बदलले. मोरीतला आरसा यांच्या दाढीसाठी खुर्चीच्या उंचीला खाली टांगला आहे. उभी राहिले की मला त्यात माझं पोट दिसतं, आणि मुद्दाम वाकून बघावं असं तोंडावर आता काही राहिलेलं नाही.

निघताना यांनी डावा हात कपाळाला लावला आणि अगं, अगं सुरू केलं. डोकं दुखत असणार. बाम चोळला. तरी थांबेनात, आता बोट माझ्याकडे. म्हटलं, “हो हो, माझ्याबरोबर तुमच्यासाठीही आणते. हे बघा, डबी घेतली.” गोळ्यांची रिकामी डबी होती. आशीर्वाद झालेल्या राखेतली चिमूटभर मागून घ्यायचं फादरांशी ठरलं होतं. नणंद यांच्याजवळ बसायला आली होती, ती आत चहा टाकत होती. तिला हाक मारून निघाले.

अपमानानंतर मी डबी पुढे करणार होते थोडीच. तशीच वळले आणि घर गाठलं. दार उघडल्या उघडल्या नणंद म्हणते, “अय्या वहिनी, यंदा चांगली ठसठशीत लावलीय की!”

असली थट्टा. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. टॉवेल काळाकुट्ट झाला. रस्त्यांची ही दशा आहे. नगरपालिकेलाही लिहायला हवं.

यांनी डबी मागितली. रिकामी आहे हे त्यांना उघडून दाखवावं लागलं.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी फादरांना पत्र पाठवलं. मोजकं. घटना, वेळ, जागा. कारण लेखी द्यावं. तोपर्यंत माझ्या घराचा उंबरठा ओलांडू नये.

ही वही लिहायची सवय मदरची देणगी. शाळेत असताना उपवासकाळ लागला की ती प्रत्येक मुलीला रोज संध्याकाळी लिहायला लावायची, आज काय सोडलं. आम्ही पोरी लिहायचो: गोळ्या सोडल्या, भांडण सोडलं, पुढच्या बाकावरचीची वेणी ओढायची सोडली. मदर लाल शाईने खाली लिहायची, “जे नकोसं झालंय ते सोडण्यात काय मोठेपणा? जे सोडवत नाही ते सोड.” मी तेव्हा वेणीबद्दल खूप विचार केला होता.

आता काय सोडू? आमच्या घरात उपवासकाळ ऑगस्टपासूनच चालू आहे. झोप सोडली. प्रार्थनागीतांचा सराव सोडला. लेकीकडे जाणं सोडलं. पाठ टेकून चहा पिणं सोडलं. यांना कुशीवर वळवायचं, चादर ओढायची, टाचेखाली उशी, पुन्हा वळवायचं, आणि मध्येच कधी तरी बाहेर उजाडतं. त्यात चर्चच्या फळ्यावर लिहिलंय की साठीच्या पुढच्यांना उपवास माफ. म्हणजे तिथूनही वगळलं. नणंदेने साखर सोडली आहे आणि ते सकाळपासून तीन घरांत कळलं आहे. मी या वहीत तिला ‘बातमीपत्र’ म्हणते.

यांना मऊ भात भरवला. निम्मा खाल्ला.

शुक्रवार, ७ मार्च

शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. आमच्याकडे साडेदहाला. हे दहापासून दाराकडे बघत असतात. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवून. आजही तसेच बसले होते.

घंटी वाजली. मी साखळी लावूनच दार उघडलं.

“कोण?”

“मी फादर, आजी.”

“लेखी उत्तर आणलंत?”

“तुमचं पत्र वाचलं. मला खरंच कळलं नाही. बुधवारी मी...”

“बुधवारी तुम्ही काय करत होतात?”

“राख लावत होतो.”

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना नाही!”

“आजी, ऐका ना. तुमच्या कपाळाला तर आधीच...”

“माझ्या कपाळात काय आहे ते मला पुरेपूर माहीत आहे,” मी म्हटलं आणि दार लावलं. खात्यात असताना जोडणी तोडायची कधी हे मला चांगलं कळायचं. समोरचा सबबी सांगू लागला की.

आतून यांचा आवाज आला, “अगं!” इतक्या मोठ्याने हे ऑगस्टनंतर बोलले नव्हते. बरं वाटलं. निदान नवरा तरी माझ्या बाजूने.

दुपारी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रविवार, ९ मार्च

चर्चला गेले नाही. घंटा ऐकू येते आमच्या खिडकीतून. हे उशीवरून मान वळवून खिडकीकडे बघत राहिले. मी खिडकी लावली, वारा होता म्हणून.

घरातच प्रार्थना म्हणावी म्हणून बसले. मन लागलं नाही. फादरांचा तो हसरा चेहरा समोर येत होता. ‘दमलात ना, आजी?’ दमलेय, तर? दमलेल्या माणसाला राख लागत नाही असा काही नियम आहे? उलट मी तर म्हणेन, या दिवशी रांगेत पहिला मान दमलेल्यांचा. बाकीच्यांना अंगठा लावून आठवण करून द्यावी लागते. आम्ही ती माती यांच्या पलंगाखालून रोज झाडतो.

मंगळवार, ११ मार्च

बातमीपत्र आलं. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत प्यायली आणि म्हणाली, “वहिनी, तुम्ही फादरांना दारातून परत पाठवलंत म्हणे.”

“म्हणे कशाला? पाठवलंच.”

“का पण?”

“राख लावली नाही म्हणून.”

“लावली नाही? अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितली! शिंपीणबाईनेही बघितली. ती म्हणत होती, रांगेत तुम्ही पुढे होतात तर तुमच्या कपाळावर आधीच हा एवढा काळा फराटा. तिला वाटलं, तुम्ही डब्याबरोबर आत गेलात तेव्हा फादरांनी तिथेच लावली असणार आणि तुम्ही दुसऱ्यांदा रांगेत आलात.”

“दुसऱ्यांदा? मी? मी रेशनच्या रांगेत आहे का?”

“मी नाही म्हणत, ती म्हणते.”

“तिला म्हणावं, सुईत दोरा ओवताना चष्मा लावतेस तसा चर्चमध्येही लावत जा. आणि तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे?”

ती रुसली. जाताना भावाच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, “दादा, तूच सांग बाबा हिला.”

हे डावा हात कपाळाला लावून, “अगं, अगं, अगं.” त्या विषयाने यांचं डोकं चढतं. पुन्हा बाम.

म्हणजे मी गुपचूप आधी राख लावून घेतली आणि वर आणखी मागायला गेले, असं गावभर झालं. वगळलंही मला आणि हावरटही मीच.

शुक्रवार, १४ मार्च

साडेदहाला घंटी वाजली. उघडलं नाही. फटीतून बघितलं. फादर उभे होते, छातीशी ख्रिस्तप्रसादाची छोटी थैली धरून. उन्हात. पोरसवदा आहेत, मान बारीक आहे. पुन्हा घंटी वाजवली नाही. तिथेच उभ्या उभ्या ओठ हलवून काही पुटपुटले, क्रुसाची खूण केली आणि गेले.

हे दाढी करून, सदरा घालून बसले होते. मी म्हटलंच होतं सकाळी, आज नको दाढी, कोणी येणार नाही. ऐकलं नाही, साबणाचा ब्रश डाव्या हातात धरून बसले होते, मी दाढी करेपर्यंत.

पावलं लांब गेली तशी यांच्या डोळ्याला पाणी आलं. उजव्या. तो डोळा नीट मिटत नाही, पाणी येतच राहतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं तसं. डाव्यालाही आलं. संसर्ग असेल. थेंब घातले.

बुधवार, १९ मार्च

पत्राला उत्तर नाही. खात्यात असतं तर वरपर्यंत नेलं असतं. बिशपांचा पत्ता काढून ठेवला.

हे दोन दिवस पेजेवर आहेत. चमचा पुढे केला की ओठ मिटतात. मी बातमीपत्राला सांगितलं, “बघ, तुझा भाऊ माझ्यासाठी उपोषणाला बसलाय.” ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी विषय बदलला.

यांचं वजन कमी झालंय, हे मला वजनकाट्यावर कळत नाही, उचलताना कळतं. ऑगस्टमध्ये खुर्चीतून पलंगावर घेताना माझा श्वास लागायचा. आज लागला नाही. खूप वाईट वाटलं. श्वास लागायला हवा होता.

मंगळवार, २५ मार्च

आज एक गंमत. यांनी मागच्या दाराकडे बोट केलं आणि अगं. मी पाणी आणलं. नको. शाल आणली. नको. भांडं आणलं, तर रागावले. चष्मा आणला, तो घातला आणि चष्म्यातून माझ्याकडे ‘ही काय बाई आहे’ असं बघितलं. हे नजर पूर्वीसारखी टाकतात तेव्हा मला हसू येतं. मी हसले, हेही अर्ध्या तोंडाने हसले. पण काय हवंय ते कळलं नाही. पूर्वी भांडायला शब्द होते तेव्हा भांडण निदान पुरं व्हायचं.

रविवार, ३० मार्च

डॉक्टर घरी आले होते. तपासलं. नाडी, पोट, पाय दाबून बघितले. मला म्हणाले, “जरा बाहेर येता?”

दाराबाहेर उभे राहून म्हणाले, “आता फार पथ्य नको. यांना जे आवडतं ते द्या. कोणाला भेटावंसं वाटत असेल तर भेटू द्या.”

“म्हणजे किती...”

“आजी, असं लिहून नाही देता येत.”

आजकाल कोणीच काही लिहून देत नाही. मी “बरं” म्हणाले. लेकीला फोन केला. ती ईस्टरला येणार होती, तिला म्हटलं, जमलं तर आधी ये. का ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही दोघी पालेभाजीच्या भावाबद्दल बोललो.

जे आवडतं ते द्या. मी मनातल्या मनात काय काय आठवून पाहिलं. खीर आवडायची, आता गिळवत नाही. रंधा मारलेल्या लाकडाचा वास आवडायचा. माझं गाणं आवडायचं, असं एकदाच म्हणाले होते, लग्नाआधी. शुक्रवारी साडेदहाला दाराकडे बघत बसायला आवडतं.

हे मी लिहिलं खरं. पण दोष माझा नाही. लेखी उत्तर आलं असतं तर हे इतकं ताणलंच नसतं.

बुधवार, २ एप्रिल

दुपारी पुन्हा मागच्या दाराकडे बोट. या वेळी मी काही आणलं नाही. दमले होते. म्हटलं, “चला, तुम्हीच दाखवा,” आणि खुर्ची ढकलत अंगणात नेली.

त्या बुधवारपासून मी अंगणाकडे फिरकलेच नव्हते. कढई भिंतीला टेकून तशीच होती. तळाला रुमालाची पुरचुंडी, आत गाळताना उरलेली भरड. यांनी बोट केलं. कढईकडे.

“ही? ही घासायची राहिली. घासते उद्या.”

“अगं.”

मी पुरचुंडी सोडून त्यांच्या मांडीवर ठेवली. यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. अजून धरतात तेव्हा पकड सुताराची आहे. माझा अंगठा राखेत दाबला आणि उचलून स्वतःच्या कपाळाशी नेला. मग हात सोडला, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

इतके दिवस मी पाणी, शाल आणि भांडं आणत होते.

मी म्हटलं, “अहो, याला आशीर्वाद नाही झालेला. ही नुसती कढईतली आहे. आणि मी कोण लावणारी?” डोळे उघडले नाहीत. बसून राहिले, रांगेत पुढचा नंबर आपला असल्यासारखे. त्यांना राख मिळाली नव्हती. मला न मिळाल्याच्या गडबडीत ते माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

अंगठा टेकवला. उभी रेघ, आडवी रेघ. भरड होती, थोडी गालावर सांडली. आता शब्द. शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. “तू माती...” एवढं म्हणाले आणि पुढे गाडी जाईना. याच कपाळाचा ताप मी ऑगस्टपासून हाताच्या मागच्या बाजूने बघतेय. घाम टिपतेय. याच कपाळाला नको असताना बाम चोळतेय. त्याला कसं म्हणू? फादर तरुण आहेत, ते शंभर जणांना म्हणतात, त्यांना जमतं. त्यांनी त्यातल्या एकालाही रात्रंदिवस उचललेलं नाही.

हे थांबले होते. सोडायला तयार नव्हते. मदरची लाल शाई आठवली, का कोण जाणे. जे सोडवत नाही ते.

“मातीलाच मिळणार आहात,” मी म्हणाले. ‘विसरू नकोस’ म्हणायचं असतं, ते काही मला म्हणता येईना. म्हणून म्हटलं, “मी नाही विसरणार.”

“अगं,” हे म्हणाले. हा अगं मी आधी ऐकला नव्हता.

मग यांनी स्वतःचा अंगठा राखेत बुडवला. मी वाकले. डावा हात, सवय नसलेला. क्रूस काही निघाला नाही. भुवईपासून केसांपर्यंत एक तिरका ओघळ गेला, बोटं घसरली आणि तळहातही फिरला. मग हे हसायला लागले. अर्ध्या तोंडाने, पण पोटातून, खांदे हलवत. हसता हसता मोरीकडे बोट. आरशाकडे.

खुर्ची तिथे नेली. मी दांड्याला धरून खाली बसले तेव्हा कुठे दोन्ही तोंडं एका आरशात मावली. यांच्या कपाळावर वेडावाकडा का होईना, क्रूस. माझ्या कपाळावर हा एवढा काळा फराटा, घाम पुसताना मनगट फिरतं तसा.

मी बराच वेळ बघितलं. यांनी डावा हात कपाळाला लावला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “अगं, अगं.” अगदी त्या संध्याकाळसारखं.

टॉवेल घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. फराटा पुसला नाही.

या बाबतीत इथे आणखी काही लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

बातमीपत्राने दारातच दोघांची कपाळं बघितली. यांचा क्रूस मी आंघोळ घालताना बाजूने पाणी वळवून राखला होता. बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “एक शब्द जरी बोललीस तरी चहात साखर घालीन.” ती यांच्या पायाशी बसून पाय चेपत राहिली. मी तिला माझ्या हाताने दुसरा कप दिला.

यांनी चार चमचे पेज घेतली. मग गालावरून हात फिरवला, म्हणजे दाढी. आज गुरुवार आहे, हे त्यांना कळत नाही असं नाही.

उद्या फादर येणार नाहीत. दोनदा दारातून परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा कशाला येईल? गेल्या दोन शुक्रवारी आलेही नाहीत. मी तसं लिहूनच कळवलं होतं, उंबरठा ओलांडू नये. माझी पत्रं लोक पाळतात, हीच पंचाईत आहे.

जाऊन बोलावून आणता येईल. पण एवढा रस्ता, आणि तेवढा वेळ यांना सोडून? आणि तिथे जाऊन म्हणू काय? मला जे येतं तेच करते. खाली नक्कल उतरवून ठेवते. मूळ पत्र बातमीपत्र आत्ता घेऊन जाईल. ती वाटेत चार जणांना वाचून दाखवेल, ते मला चालेल.

आदरणीय फादर,

माझ्या ५ मार्चच्या तक्रारीसंबंधी.

सदर तक्रार मी मागे घेतलेली नाही. तिच्या चौकशीत काही नवी माहिती पुढे आली आहे आणि तिच्यावर माझा विचार चालू आहे. तो पूर्ण झाल्यावर तुम्हाला कळवीन अथवा कळवणार नाही. घराचा उंबरठा ओलांडण्यासंबंधीची अट मात्र आजपासून रद्द समजावी. साखळी काढली आहे.

माझ्या यजमानांना राख मिळाली आहे. कशी, ते विचारू नये. आशीर्वाद राहिला आहे, तो तुम्ही येऊन द्यावा. ख्रिस्तप्रसाद अगदी लहान तुकडा आणावा. गिळायला त्रास होतो. त्यांना बोलता येत नाही, तरी त्यांच्याशी बोलावं. ते ‘अगं’ म्हणाले तर ते तुम्हालाच आहे असं समजावं आणि हसू नये. किंवा हसलात तरी चालेल.

झावळ्यांच्या रविवारी आमच्या घरासाठी दोन झावळ्या बाजूला ठेवाव्यात. दोन.

तुम्ही कधी येणार, ते तारीख आणि वेळ घालून लेखी कळवावं. तोंडी निरोप चालणार नाही. त्यांना कागद हातात धरायला हवा, म्हणजे दाढी करून दाराकडे बघत बसता येईल. उत्तर उद्या, शुक्रवार दिनांक ४ एप्रिल, सकाळी दहाच्या आत माझ्या हाती पोचलं पाहिजे. उत्तर घेऊन तुम्ही स्वतःच आलात तर हरकत नाही. मुदत वाढवून मागू नये. ती माझ्या हातात नाही.